तेवीस अर्धे गुण

१

मंगळवारी सकाळी राजापेठेतल्या उजेड अभ्यासिकेच्या फलकावर दोन याद्या शेजारी शेजारी टाचलेल्या होत्या. दोन्हींवर सचिवांची सही होती. दोन्ही बरोबर असणं शक्य नव्हतं.

उजेड संस्था दरवर्षी चाळीस मुलींना वर्षभर मोफत ठेवून घेते आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करून देते. यंदा चौऱ्याण्णव मुलींनी दोन पेपर दिले. नियम साधा होता. दोन्ही पेपरांची सरासरी काढायची. अर्धा गुण आला तर पुढचा पूर्ण गुण धरायचा. गुण सारखे असतील तर वयाने मोठी असेल तिला वर घ्यायचं.

पहिली यादी नवरात्रातल्या पाचव्या माळेला लागली. तीत चाळिसावं नाव इशिता मुळेचं होतं, गुण त्रेसष्ट. दोन मुलींच्या जन्मतारखा चुकल्या होत्या म्हणून त्या दुरुस्त करून दसऱ्यानंतरच्या शनिवारी अंतिम यादी लागली. तीत इशिताचे गुण बासष्ट झाले होते आणि चाळिसाव्या जागी आचल राऊत आली होती. तिचेही बासष्टच, पण ती इशितापेक्षा आठ महिन्यांनी मोठी.

आचल ही प्रणाली भुयारची मावसबहीण. आणि यादी ज्या कॉम्प्युटरवर निघते त्याच्यासमोर प्रणाली बसते.

इशिताचे वडील ॲडव्होकेट नारायण मुळे यांनी टाइप केलेली तक्रार सचिव महादेवराव गावंडे यांच्या टेबलावर ठेवली.

"मी पाच वाजेपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "पाचला हा कागद घेऊन ठाण्यात जाईन. संशयिताचं नाव त्यात लिहिलेलं आहे."

प्रणाली दारातच उभी होती. चांदूर रेल्वेहून रोज गाडीने येणाऱ्या या मुलीची गेल्या महिन्यात सरकारी लिपिक म्हणून निवड झाली होती. नेमणुकीला एकच कागद अडला होता, चारित्र्य पडताळणीचा. तो त्याच ठाण्यात पडून होता.

महादेवरावांनी अकोल्याला फोन लावला.

२

सिंधू काळमेघ यांनी अकोल्याच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं होतं. संस्थेचा निवडीचा नियम त्यांनीच लिहून दिला होता. बडनेऱ्याला उतरून ऑटोने त्या राजापेठेत पोचल्या तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. चहा नको म्हणाल्या. दोन्ही याद्या, पेपर तपासणाऱ्यांच्या सहीचा मूळ गुणतक्ता आणि एक पट्टी मागितली.

मूळ तक्त्यात इशिताचे दोन पेपरांचे गुण बासष्ट आणि त्रेसष्ट होते, म्हणजे सरासरी साडेबासष्ट. कुठे खाडाखोड नव्हती.

"बस ग," सिंधूबाई प्रणालीला म्हणाल्या.

"मी काईच केलं नाई, मॅडम."

"मी अजून काही विचारलंच नाही. यादी कशी काढतेस ते सांग."

"अमोलदादा होते ना, पयले इथं होते थे, त्यायनं प्रोग्रॅम लिहून ठेवला हाय. गुण तपासणारे सर सोता भरतात. मी फक्त पडद्यावरच्या त्या काळ्या खिडकीत 'पायथन' लिहितो, पुढं प्रोग्रॅमचं नाव, अन् एंटर मारतो. यादी येते."

"दोन्ही वेळा असंच केलं?"

"असंच. एक अक्षर बदललं नाई. जन्मतारखा सरांयनंच बदलल्या."

सिंधूबाईंची पट्टी ओळीवरून ओळीवर सरकत होती. "दुसरी यादी पहिलीपेक्षा साफ दिसते. पहिलीत त्रेसष्ट पॉइंट शून्य लिहिलंय, दुसरीत नुसते बासष्ट."

"हो. मले बी वाटलं, बरं झालं, थे शून्य गेलं. महादेवकाका दरवर्षी म्हनत, हे काहून लटकवता."

"म्हणजे तुला ते दिसलं होतं," मुळे म्हणाले. "मॅडम, यंत्राने काढलेल्या यादीत शून्य आहे. हाताने टाइप केलेल्या यादीत माणूस शून्य कशाला लिहील? मला तर उत्तर मिळालं."

प्रणालीने महादेवरावांकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घातली. सहा वर्षांत त्यांनी तिला एकदाही रजा मागताना पाहिलं नव्हतं.

पाऊण तासाने सिंधूबाईंनी पट्टी खाली ठेवली.

"वकीलसाहेब, तुमच्या तक्रारीतला आकडा चुकला आहे. गुण एकीचा गेलेला नाही. तेवीस जणींचा गेलाय."

३

महादेवरावांनी दोन्ही याद्या स्वतःकडे ओढल्या.

"तेवीस?" महादेवराव म्हणाले. "मंग कोनीच काहून बोललं नाई?"

"पंचाहत्तरची चौऱ्याहत्तर झाली तरी ती मुलगी यादीत आहेच. पंचेचाळीसची चव्वेचाळीस झाली तरी बाहेरच. कोण बघतं? फरक फक्त रेषेवर पडला."

"माग लपवायला केलं असेल," मुळे म्हणाले. "एकीचे कापले तर लगेच कळलं असतं."

सिंधूबाईंनी कोरा कागद पुढे ओढून मधोमध रेघ मारली. "सरासरीत अर्धा आलेल्या मुली एकूण सेहेचाळीस. त्यातल्या तेवीस जणींना अर्ध्याचा पूर्ण मिळाला, तेवीस जणींचा अर्धा गेला. गेलेले बघा. साडेचव्वेचाळीस, साडेअठ्ठावन्न, साडेबासष्ट, साडेसत्तर. मिळालेले बघा. साडेत्रेपन्न, साडेएकसष्ट, साडेसदुसष्ट. काही दिसतं?"

प्रणालीच आधी बोलली. "गेले थे सगळे सम हायेत. चव्वेचाळीस, अठ्ठावन्न, बासष्ट, सत्तर."

"सगळे. एकही अपवाद नाही. अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे जायचं. बासष्ट सम, म्हणून साडेबासष्ट खाली बासष्टवर आलं. एकसष्ट विषम, म्हणून साडेएकसष्ट वर बासष्टवर गेलं. हा नियम मी एकतीस वर्षं पोरांना शिकवला. प्रत्येक अर्धा वरच ढकलला तर मोठ्या बेरजा फुगतात, म्हणून. पण या संस्थेचा नियम तो नाही. इथे अर्धा वरच जायला हवा."

"हिला तो नियम माहीत असेल."

"असेल. पण हाताने सेहेचाळीस आकडे फिरवणारा माणूस एखाद्या ठिकाणी तरी चुकतो. इथे एकही चूक नाही. हे यंत्राने केलंय." त्यांनी दोन्ही याद्या उचलल्या. "पायथन या प्रोग्रॅमच्या भाषेच्या जुन्या आवृत्तीत, म्हणजे दोन पॉइंट सातमध्ये, अर्धा वर जातो आणि उत्तराला पॉइंट शून्य लागतं. नव्या, तीनच्या मालिकेत अर्धा समाकडे जातो आणि शून्य लागत नाही. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. पण अमोलने हा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीसाठी लिहिला. पहिली यादी जुनीवर निघाली, दुसरी नवीवर."

महादेवराव खुर्चीतून उठले. "मंग चला, दाखवतो. कॉम्प्युटरवर लिहूनच ठेवलं हाय."

कॉम्प्युटर मागच्या खोलीत होता. डब्यावर चिकटपट्टीखाली पिवळा पडलेला कागद होता. *फक्त २.७. दुसरं काही टाकू नये. अमोल.* चालूबंदच्या बटणावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं आणि कीबोर्डच्या फटीत झेंडूची सुकी पाकळी अडकली होती. इंटरनेट या यंत्राला दिलेलंच नव्हतं, उगाच काही आपोआप बदलू नये म्हणून.

सिंधूबाईंनी आत काय काय बसवलं आहे त्याची यादी उघडली. वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली.

पायथन एकच होतं. दोन पॉइंट सात. नवी आवृत्ती कुठेही नव्हती.

मुळ्यांनी घड्याळ पाहिलं. दोनला दहा मिनिटं कमी होती.

४

दुपारचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग श्याम धर्माळे घेई. प्रोजेक्टर मागच्या खोलीतच होता, त्यामुळे वर्गही तिथेच भरे. तिशीचा, चुणचुणीत, मुलींमध्ये आवडता. त्याला बोलावलं तेव्हा तो लॅपटॉपची बॅग खांद्याला लावूनच आला.

"तुम्ही कोणती आवृत्ती शिकवता?" सिंधूबाईंनी विचारलं.

"नवीच शिकवाव लागते मॅडम. जुनी आता कोन विचारते?"

"आणि कुठे शिकवता?"

"माह्या लॅपटॉपवर. त्या कॉम्प्युटरले हात लावाची मनाई हाय, कागद लावला ना तिथं. प्रोजेक्टरची वायर काढतो अन् लॅपटॉपले लावतो."

"दसऱ्यात कुठे होतात?"

"सेमाडोहले, जंगलात. अष्टमीच्या सकाळी निघालो, परवा रविवारी संध्याकाळी आलो. हे पाहा फोटो. तिथं फोनलेही रेंज नाई."

"लॅपटॉप इथे ठेवून गेलात?"

"छे. बॅगीतच होता. त्याच्याबिगर मी कुठं जात नाई."

"जरा द्या."

प्रोग्रॅम आणि गुणांची फाइल त्यांनी पेन ड्राइव्हवरून लॅपटॉपवर घेतली. एंटर मारला. यादी आली. चाळीस, आचल राऊत, बासष्ट. एक्केचाळीस, इशिता मुळे, बासष्ट. कुठेही पॉइंट शून्य नाही. शनिवारची यादी शेजारी धरली तर ओळीला ओळ जुळत होती.

"झालं," मुळे म्हणाले. "हिने याच लॅपटॉपवर काढली."

"लॅपटॉप सेमाडोहला होता. यादी इथल्या प्रिंटरवर शनिवारी सव्वातीनला छापली, वेळ खाली आहे. म्हणजे शनिवारी नवी आवृत्ती या कॉम्प्युटरवर होती." सिंधूबाईंनी डब्याकडे बोट केलं. "आज नाही. कोणीतरी काढून टाकली."

श्याम जरासा हसला. घाबरलेला दिसत नव्हता.

"मॅडम, माफ करा, पन एक विचारू? नवी जर इथं आधीपासून असती, तं पाचव्या माळेची यादी बी बिघडली असती. थे तं बरोबर हाय. म्हंजे नवी बसली थे पाचव्या माळेनंतर. अन् मी अष्टमीपासून इथं नोतो. मधल्या दिवसायत माहा वर्ग बी नोता, रजिस्टर पाहा. मंग बसवली कोन? इथं चावी कोनापाशी असते?"

चावी प्रणालीपाशी असे.

"श्यामदादा," ती म्हणाली. गेल्या महिन्यात तिच्या निवडीचे पेढे सगळ्यांत आधी यानेच उचलले होते.

मुळ्यांनी तक्रारीचा कागद उघडला, खिशातून पेन काढलं आणि एका ओळीच्या शेवटी काहीतरी वाढवून लिहिलं. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

५

सिंधूबाई कॉम्प्युटरसमोर जाऊन बसल्या. बॅगेतली टाचणी काढून त्यांनी कीबोर्डच्या फटीतली झेंडूची पाकळी उचलली आणि तळहातावर ठेवली.

"नवमीला पूजा कोणी केली?"

"पार्बताबाईनं," महादेवराव म्हणाले. "दरवर्षी थेच करते. खंडेनवमीले शिलाई मशीन, पानी चढवाची मोटर, कॉम्प्युटर, सगळ्यायची."

पार्बताबाई अभ्यासिकेची झाडलोट करीत. पदराला हात पुसत त्या आल्या आणि चौकटीपाशीच थांबल्या. इतकी माणसं एका खोलीत पाहून त्यांना काहीतरी बिघडल्याचं कळलं असावं.

"बाई, पूजेच्या वेळी हा कॉम्प्युटर चालू होता का?"

"चालू कसा राहीन? औजार चालू ठेवून त्याले कोनी हयद-कुकू लावते काय? थ्या दिवशी त्याचा आराम असते. मी सगळी बटनं बंद केली, पुसलं, फूल वाहिलं, नारय फोडलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चालू केलं."

"त्याआधी कधी बंद केला होता?"

पार्बताबाईंनी प्रणालीकडे पाहिलं. उत्तर प्रणालीने दिलं. "कधीच नाई, मॅडम. इन्व्हर्टर हाय. जूनमदे चालू केला होता, तवापासून तसाच. माही काळी खिडकी बी तवापासून उघडीच होती. बंद केली की पुन्हा फोल्डर शोधाव लागते, म्हनून मी खाली सरकवून ठेवतो फक्त."

सिंधूबाईंनी पाकळी टेबलावर ठेवली.

"श्याम, तुमचा प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर आत्ता मिळालं. ही काळी खिडकी उघडते त्या क्षणी कॉम्प्युटर तिला पत्ता देतो, की पायथन म्हटलं तर कोणत्या घरी जायचं. खिडकी उघडी आहे तोवर तिच्याजवळ तोच पत्ता राहतो. मागाहून कोणी नवी आवृत्ती बसवली आणि पत्ता बदलला, तरी आधीपासून उघड्या खिडकीला ते कळत नाही. प्रणालीची खिडकी जूनची होती. पाचव्या माळेला ती जुन्याच घरी गेली. नवमीला यंत्र बंद झालं, खिडकी मिटली. शनिवारी प्रणालीने नवी उघडली. शब्द तेच लिहिले, आणि या वेळी नव्या घरी गेली."

"म्हणजे नवी आवृत्ती पाचव्या माळेच्या आधीही बसवलेली असू शकते," मुळे सावकाश म्हणाले.

"असू शकते. कधी आणि कोणी, तेवढं राहिलं."

"मी लॅपटॉपवरच शिकवतो म्हनून सांगतलं ना," श्याम म्हणाला. त्याचा आवाज जरा वर गेला होता.

"वर्गातली एखादी मुलगी आहे का आत्ता अभ्यासिकेत? नीट वही लिहिणारी?"

शालू होती. दोन वेण्या, शाईचं पेन, पुस्तकांना खाकी कव्हर. सिंधूबाईंनी तिच्याकडून प्रोग्रॅमिंगची वही मागून घेतली आणि पहिलं पान उघडलं. वर घटस्थापनेची तारीख होती, पहिला तास. आणि खाली, काय महत्त्वाचं आणि काय नाही हे अजून न कळणारा विद्यार्थी उतरवतो तसा, पडद्यावरचा सगळा मजकूर. पहिल्या ओळीत यंत्राचं नाव, उजेड-२. दुसऱ्या ओळीत पायथन तीन पॉइंट बारा.

सिंधूबाईंनी डब्याच्या बाजूला रंगवलेलं नाव महादेवरावांना दाखवलं. उजेड-२.

"सर लॅपटॉपवर शिकवतात ना ग?" त्यांनी शालूला विचारलं.

"हो मॅडम. कालपासून."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी याच्यावर." तिने कॉम्प्युटरकडे बोट केलं, मग सगळ्यांचे चेहरे पाहून ते मागे घेतलं. "माहं काई चुकलं काय?"

"नाही. वही जपून ठेव."

६

श्याम स्टुलावर बसला. बराच वेळ त्याने बॅगेचा पट्टा सोडला नाही.

"लॅपटॉपले प्रोजेक्टर जोडाची पिन तवा गेली होती," तो म्हणाला. "म्हनून नवी आवृत्ती पेन ड्राइव्हवर आनली अन् इथं बसवली. जुनीले धक्का नाई लावला, दोनी राहतात एका यंत्रात. वाटलं, कोनाचं काय बिघडते. काल सकायी याद्यायचा गोंधय ऐकला अन् शून्य गेलेलं पायलं, तवाच मले समजलं."

"आणि काढून टाकली."

"कागद लावला होता ना मॅडम. लेखी मनाई. माही नोकरी गेली असती."

"हिची जाऊन राहिली होती," महादेवराव म्हणाले. "तू समोर उभा राहून चावी कोनापाशी म्हनून इचारत होता."

"काका, मले वाटलं, थे तं संस्थेचीच पोरगी हाय. तुमी सांभाळून घ्यान."

महादेवरावांनी हात पुढे केला. श्यामने खिशातून खोलीची दुसरी चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि तो बाहेर गेला. बॅग तिथेच राहिली. पाच मिनिटांनी पार्बताबाईंनी ती नेऊन दिली.

मुळ्यांनी तक्रारीची चौपट घडी केली. "तुमच्याबद्दल मी जे लिहिलं," ते प्रणालीला म्हणाले, "ते मला आत्ता तुमच्यासमोर फाडायला हवं." त्यांनी फाडलं. तुकडे टाकायला टोपली सापडेना, म्हणून खिशात घातले.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. यादी अजून चुकीचीच होती.

"मॅडम, तुमीच काढा आता," महादेवराव म्हणाले. "कोनाच्या मनात काई राहायले नको."

"नाही. जिच्या हातची म्हणून शंका घेतली, तिच्याच हातची निघू द्या. इथे सगळ्यांसमोर." सिंधूबाई खुर्चीवरून उठल्या. "एक मात्र कर प्रणाली. यापुढे नुसतं पायथन लिहायचं नाही. कोणतं, ते पूर्ण पत्त्यासकट लिही. आणि यादीच्या तळाला छाप, कोणत्या आवृत्तीवर काढली आणि कोणी काढली."

प्रणाली बसली. नवी काळी खिडकी उघडली. तिची बोटं कीबोर्डवर आली आणि थांबली. एंटर मारल्यावर काय येणार ते तिला माहीत होतं. पाच वाजेपर्यंत निर्दोष ठरायचं एवढाच विचार तिने सकाळपासून केला होता. पुढचा, आचलचा, केला नव्हता.

तिने जुन्या आवृत्तीचा पूर्ण पत्ता लिहिला. अक्षरं दोनदा तपासली. एंटर मारला.

चाळीस, इशिता मुळे, त्रेसष्ट पॉइंट शून्य. एक्केचाळीस, आचल राऊत, बासष्ट पॉइंट शून्य.

चार वाजून चाळीस मिनिटांनी तिने स्वतः ती यादी फलकावर टाचली. आधीच्या दोन्ही काढल्या. तळाच्या ओळीत लिहिलं होतं, पायथन २.७, यादी काढणार प्रणाली भुयार. मुळे ती ओळ वाचून गेले. सिंधूबाईंचा ऑटो बडनेऱ्याच्या रस्त्याला लागला.

फलकासमोर उभी असतानाच प्रणालीचा फोन वाजला. आचलचा होता. सकाळपासूनचा अकरावा.

"ताई, काय झालं? तुले पोलिसात नेलं काय?"

"नाई. मिटलं सगळं."

"अन् यादी?"

"लागली."

"मी कितवी?"

"एक्केचाळिसावी."

"नीट पायलं ना तू?"

"पायलं," प्रणाली म्हणाली. "मीच काढली."